अमेरिकेतलं यादवी युद्ध गुलामगिरीवरून झालं की राज्यांच्या हक्कांवरून?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगा-सून नोकरीनिमित्त जॉर्जियात, अटलांटाजवळ राहतात. तुम्ही दोघं तिकडे राहून आलात, तेव्हा शेजारच्या एका गोऱ्या आजोबांनी तुम्हाला ठामपणे सांगितलं की १८६१ चं युद्ध गुलामगिरीवरून झालंच नाही. ते राज्यांच्या हक्कांवरून आणि जकातीवरून, म्हणजे आयात मालावरच्या करावरून, झालं. पुरावा म्हणून त्यांनी लिंकनचं पत्र पुढे केलं: एकाही गुलामाला न सोडवता संघराज्य वाचत असेल, तर मी तसं करीन. नातीच्या शाळेत मात्र उलट शिकवतात. तुम्ही विचारता, खरं कोणाचं? आणि एवढं रक्त सांडून गुलामांच्या पदरात काय पडलं?

एम.ए.च्या मुलांना मी बरीच वर्षं अमेरिकेचा इतिहास शिकवला. हे पत्र दर वर्षी कुणी ना कुणी वर्गात आणायचंच, आणि ते खरंच आहे, कुणी बनवलेलं नाही. पण त्यातून निष्कर्ष काढण्याआधी मी फळ्यावर तीन प्रश्न वेगवेगळे लिहून घेत असे. दक्षिणेतली राज्यं फुटून का निघाली? ती फुटल्यावर उत्तरेतली राज्यं लढायला का उतरली? आणि लढता लढता युद्धाचं उद्दिष्ट कसं बदललं? पहिल्याचं उत्तर गुलामगिरी. दुसऱ्याचं, निदान सुरुवातीला, संघराज्य टिकवणं. शेजारचे आजोबा दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर पहिल्याला देताहेत, आणि म्हणून त्यांचं बोलणं ऐकताना पटतं. तिसऱ्या प्रश्नाबद्दल कुणीच बोलत नाही. मला विचाराल तर सगळ्यात मोलाची गोष्ट तिथेच आहे.

आधी कापूस समजून घ्यायला हवा. विदर्भ-खानदेशातल्या वाचकाला हे पटकन कळेल. १७९३ साली एली व्हिटनीनं सरकी वेगळी काढायचं यंत्र आणलं. त्याआधी आखूड धाग्याचा कापूस हातानं साफ करण्यात इतका वेळ जाई की तो मोठ्या प्रमाणावर लावणं परवडतच नसे. यंत्र आलं आणि जॉर्जियापासून मिसिसिपीपर्यंतची जमीन कापसाखाली गेली. १८६० च्या सुमारास दक्षिणेत वर्षाला जवळपास ४० लाख गाठी निघत होत्या आणि अमेरिकेच्या एकूण निर्यातीच्या मूल्यात निम्म्याहून अधिक वाटा एकट्या कापसाचा होता. यंत्रानं सरकी काढली, पण वेचणी हातानंच होत राहिली, आणि ते हात गुलामांचे होते. गुलामगिरी हळूहळू आपोआप संपेल असं अठराव्या शतकाच्या शेवटी अनेकांना वाटत होतं. कापसानं तिला नवा जन्म दिला. १८६० च्या जनगणनेत अमेरिकेत ३९ लाखांहून अधिक गुलाम होते. दक्षिण कॅरोलायना आणि मिसिसिपी या दोन राज्यांत तर निम्म्याहून जास्त लोकसंख्या गुलामांची होती.

आफ्रिकेतून गुलाम आणण्यावर १८०८ पासून बंदी होती. त्यामुळे देशातल्या देशात खरेदी-विक्री वाढली. व्हर्जिनिया, मेरीलँडसारख्या जुन्या राज्यांतून अलाबामा, मिसिसिपी, लुइझियानाकडे सुमारे १० लाख माणसं नेली गेली. काही मालकांबरोबर गेली, बरीचशी विकली गेली. तुमचा मुलगा जॉर्जियात आहे म्हणून तिथलंच उदाहरण देतो. मार्च १८५९ मध्ये सव्हाना शहराबाहेरच्या घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर दोन दिवस लिलाव झाला. पीअर्स बटलर नावाच्या मळेवाल्यानं सट्ट्यात आणि जुगारात पैसा घालवला होता, कर्ज फेडायचं होतं. चारशेहून अधिक माणसं, बाया आणि पोरं त्यानं विक्रीला काढली. लिलावाआधी त्यांना घोड्यांच्या तबेल्यात ठेवलं होतं. गिऱ्हाइकं येऊन त्यांचे दात बघत, दंड दाबून बघत, चालायला लावत. दोन दिवसांत तीन लाख डॉलरच्या वर रक्कम जमली. दोन्ही दिवस पाऊस कोसळत होता, आणि तिथल्या कृष्णवर्णीयांच्या आठवणीत तो लिलाव 'रडण्याची वेळ' या नावानं राहिला.

हा प्रसंग मी सांगतो तो नुसतं मन हेलावून टाकायला नाही. कर्ज फेडायला माणसं विकता येत होती, याचा अर्थ माणसं हीच संपत्ती होती: तारण ठेवायची, वारसांत वाटायची, मुलीला आंदण द्यायची. १८६० मध्ये अमेरिकेतल्या सगळ्या गुलामांची बाजारभावानं किंमत तीन ते साडेतीन अब्ज डॉलरच्या घरात होती, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. देशातल्या सगळ्या रेल्वे आणि सगळे कारखाने मिळून जेवढी गुंतवणूक होती, तिच्यापेक्षा ही रक्कम मोठी होती. इतकी संपत्ती ज्या वर्गाच्या हातात आहे, तो ती वाचवायला काय काय करील याचा विचार केला, की पुढचं राजकारण उलगडत जातं.

आता भांडण पेटलं ते नेमकं कशावरून? असलेली गुलामगिरी बंद करा, यावरून नाही. ते पेटलं पश्चिमेच्या नव्या प्रदेशांवरून. १८२० मध्ये ३६ अंश ३० मिनिटं अक्षवृत्ताची रेघ ओढून तडजोड झाली होती: फ्रान्सकडून विकत घेतलेल्या लुइझियाना मुलखात या रेघेच्या उत्तरेला गुलामगिरी नाही, अपवाद फक्त मिसुरीचा. मग १८४६ ते ४८ च्या युद्धात मेक्सिकोकडून प्रचंड मुलूख मिळाला आणि प्रश्न पुन्हा उघडला. मळेवाल्यांना नवी जमीन हवी होती, कारण कापसानं जुनी लवकर उतरत होती. त्याहून जास्त, त्यांना सेनेटमधली, म्हणजे केंद्रीय विधिमंडळाच्या वरच्या सभागृहातली, मतं हवी होती. प्रत्येक राज्याला दोन सेनेटर. नवी राज्यं सगळी गुलामगिरीविरहित झाली, तर कधीतरी घटनाच बदलली जाईल, ही त्यांची भीती. ती निराधार नव्हती. १८५४ मध्ये कॅन्सस-नेब्रास्का कायद्यानं ती जुनी रेघच पुसली आणि निर्णय तिथल्या रहिवाशांवर सोडला. परिणाम असा झाला की दोन्हीकडचे लोक हत्यारं घेऊन कॅन्ससमध्ये शिरले आणि युद्धाच्या कितीतरी आधी तिथे रक्त सांडू लागलं. १८५७ मध्ये ड्रेड स्कॉट या गुलामानं आपल्या सुटकेसाठी लढवलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की कृष्णवर्णीय माणूस अमेरिकेचा नागरिक होऊच शकत नाही आणि काँग्रेसला, म्हणजे तिथल्या संसदेला, नव्या प्रदेशांत गुलामगिरी रोखण्याचा अधिकारच नाही. ऑक्टोबर १८५९ मध्ये गुलामगिरीचा कडवा विरोधक जॉन ब्राउन यानं गुलामांचा उठाव घडवण्यासाठी हार्पर्स फेरीच्या सरकारी शस्त्रागारावर हल्ला केला, तो फाशी गेला. दक्षिणेला बंडाची धडकी भरली, आणि उत्तरेत कित्येकांनी त्याला हुतात्मा मानलं.

या वातावरणात नोव्हेंबर १८६० मध्ये लिंकन निवडून आला. त्याला देशभरातली ४० टक्क्यांच्या आतच मतं होती, आणि दक्षिणेतल्या दहा राज्यांत त्याला एकही मत मोजलं गेलं नाही. त्याच्या पक्षाचं म्हणणं फार जहाल नव्हतं: जिथे गुलामगिरी आहे तिथे हात लावणार नाही, नव्या प्रदेशात पसरू देणार नाही. एवढंच. तरी २० डिसेंबरला दक्षिण कॅरोलायना फुटली आणि फेब्रुवारी उजाडेपर्यंत आणखी सहा राज्यं तिच्यामागे गेली.

ती का फुटली, हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. वर्गात मी पाठ्यपुस्तक बाजूला ठेवून फुटीचे जाहीरनामेच वाचायला देत असे, कारण हरल्यानंतर लिहिलेल्या आठवणींपेक्षा फुटताना लिहिलेली कारणं जास्त विश्वासाची. जॉर्जियाच्या जाहीरनाम्यात दुसऱ्याच वाक्यात आफ्रिकन गुलामगिरीबाबतच्या तक्रारींचा उल्लेख येतो. मिसिसिपीनं तर आडपडदाच ठेवला नाही: आमची भूमिका गुलामगिरीच्या संस्थेशी पूर्णपणे एकरूप आहे, ती जगातला सर्वात मोठा भौतिक हितसंबंध आहे. मार्च १८६१ मध्ये फुटीर सरकारचा उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीफन्स, तोही जॉर्जियाचाच, सव्हानाच्या सभेत म्हणाला की आमच्या नव्या सरकारची कोनशिला या महान सत्यावर आहे की निग्रो गोऱ्याच्या बरोबरीचा नाही आणि गुलामगिरी ही त्याची नैसर्गिक अवस्था आहे. यानंतर कारण शोधायला आणखी कुठे जायचं?

राज्यांच्या हक्कांचं काय, असं आजोबा विचारतील. त्यांना दक्षिण कॅरोलायनाचा जाहीरनामा दाखवा. त्यातली मुख्य तक्रार ही की उत्तरेतली राज्यं पळून आलेले गुलाम परत देत नाहीत. १८५० च्या केंद्रीय कायद्यानं पळालेल्या गुलामाला पकडून देणं बंधनकारक केलं होतं. उत्तरेतल्या कित्येक राज्यांनी स्वतःचे कायदे करून त्यात अडथळे आणले. म्हणजे या प्रकरणात आपला हक्क वापरणारी राज्यं उत्तरेची होती आणि केंद्राचा बडगा हवा होता तो दक्षिणेला. पुढे फुटीर राज्यांनी जी नवी घटना केली, तिच्यात गुलामांवरच्या मालकीला बाध आणणारा कायदा करायला मनाई केली आणि नव्याने मिळणाऱ्या प्रदेशांत गुलामगिरीला संरक्षण दिलं. राज्यांचे हक्क हे तेव्हा हत्यार होतं, सोयीचं असेल तेव्हा वापरायचं.

जकातीचा मुद्दा लवकर निकालात निघतो. जकातीवरून खरं भांडण १८३२-३३ मध्ये झालं होतं आणि ते मिटलं. १८५७ च्या कायद्यानं जकात उलट बरीच खाली आणली होती. ती वाढवणारा कायदा मार्च १८६१ मध्ये मंजूर झाला, तोवर सात राज्यांचे सेनेटर उठून गेले होते. ते जागेवर असते, तर तो मंजूर होणं अवघड होतं.

एक शंका मात्र खरी आहे आणि ती कुणीतरी विचारतंच: ज्यांच्याकडे एकही गुलाम नव्हता, ते गरीब गोरे का लढले? फुटलेल्या अकरा राज्यांत साधारण तीनांतल्या एका गोऱ्या कुटुंबाकडे गुलाम होते. मिसिसिपी आणि दक्षिण कॅरोलायनात जवळपास निम्म्या. उरलेल्यांपैकी अनेक जण मळेवाल्यांचे नातेवाईक, भाडेकरू, देणेकरी होते. आणि त्याहून खोल गोष्ट आपल्या वाचकाला वेगळी समजावून सांगावी लागत नाही. जॉर्जियाचा गव्हर्नर जोसेफ ब्राउन यानं डिसेंबर १८६० मध्ये जाहीर पत्र लिहून गरीब गोऱ्यांना सांगितलं की इथे तुम्ही कितीही गरीब असलात तरी खऱ्या उच्चकुळातले आहात, कारण तुम्ही गोरे आहात. गुलाम मोकळे झाले तर ते तुमच्या बरोबरीला येतील. पोटाला भाकरी नसली तरी आपल्याखाली कुणीतरी आहे, ही भावना माणसाला लढायला लावते. जातीच्या समाजात वाढलेल्या आपल्याला हे ओळखीचं आहे.

इथे परिस्थितीनुसार उत्तर बदलतं हेही सांगायला हवं. एप्रिल १८६१ मध्ये चार्ल्सटन बंदरातल्या फोर्ट सम्टरवर तोफा डागल्या गेल्या, लिंकननं ७५ हजार स्वयंसेवक मागवले, आणि त्यानंतरच व्हर्जिनिया, टेनेसी, आर्कान्सा आणि उत्तर कॅरोलायना ही चार राज्यं फुटली. आपल्याच भावंडांवर फौज पाठवणार नाही, हा विचार तिथे खरोखर होता. व्हर्जिनियाचा डोंगराळ पश्चिम भाग, जिथे गुलाम थोडे होते, उलट संघराज्याकडे राहिला आणि १८६३ मध्ये वेगळं राज्य झाला. उलट बाजूला डेलावेअर, मेरीलँड, केंटकी आणि मिसुरी ही गुलामगिरी असलेली राज्यं संघराज्यातच राहिली. एखादा शिपाई गावासाठी लढला, दुसरा सक्तीच्या भरतीनं ओढला गेला. त्या शेजाऱ्यांच्या पणजोबांच्या मनात काय होतं, ते मी सांगू शकत नाही. शिपायाच्या मनातलं कारण आणि सरकार फुटण्याचं कारण यांत अंतर असू शकतं.

आता ते पत्र. लिंकननं ते २२ ऑगस्ट १८६२ रोजी न्यूयॉर्कचे संपादक होरेस ग्रीली यांना लिहिलं. मी फळ्यावर त्याच्या आधीची आणि नंतरची तारीख लिहीत असे. २२ जुलै १८६२: मुक्तीच्या जाहीरनाम्याचा मसुदा त्यानं मंत्रिमंडळाला वाचून दाखवला होता. २२ सप्टेंबर १८६२: अँटिएटमच्या लढाईनंतर पाच दिवसांनी तो प्राथमिक स्वरूपात जाहीर केला. पत्र लिहिताना जाहीरनामा टेबलाच्या खणात तयार होता आणि तो विजयाची वाट पाहत होता. गुलामगिरी असूनही संघराज्यात राहिलेली सीमेवरची चार राज्यं बिथरू नयेत आणि उत्तरेतल्या वर्णद्वेष्ट्या मतदारालाही पटावं, म्हणून त्यानं येऊ घातलेलं पाऊल संघराज्य वाचवण्याच्या भाषेत मांडलं. त्याच पत्राच्या शेवटी, सगळी माणसं सगळीकडे मुक्त असावीत ही माझी व्यक्तिगत इच्छा कायम आहे, हेही आहे. पत्राचा पुरावा देणारे हे वाक्य बहुधा गाळतात.

पण मसुद्यापर्यंत लिंकन आला कसा? आता तिसरा प्रश्न. २३ मे १८६१ च्या रात्री, युद्धाला दीड महिनाही झाला नव्हता, व्हर्जिनियात फ्रँक बेकर, शेपर्ड मॅलरी आणि जेम्स टाउनसेंड हे तीन गुलाम होडीनं पाणी ओलांडून संघराज्याच्या ताब्यातल्या फोर्ट मन्रो किल्ल्यावर आले. मालकानं त्यांना फुटीर सैन्याच्या तोफांसाठी मोर्चे बांधायला जुंपलं होतं आणि आणखी दूर नेणार होता. बायकापोरांपासून तुटणार, म्हणून ते पळाले. दुसऱ्या दिवशी मालकाच्या वतीनं एक फुटीर मेजर पांढरं निशाण घेऊन आला आणि १८५० च्या कायद्याप्रमाणे माणसं परत द्या म्हणाला. किल्ल्याचा सेनापती बेंजामिन बटलर पेशानं वकील होता. तो म्हणाला, तुम्ही परदेश झालो म्हणता ना, मग परदेशाला आमचा कायदा कसा लागू? शत्रूच्या कामी येणारा माल म्हणून मी यांना जप्त करतो. माणसाला माल म्हणण्याचा मालकांचाच युक्तिवाद त्यानं मालकांवर उलटवला. बातमी गुलामांच्या वस्त्यांमध्ये वाऱ्यासारखी पसरली. जुलैअखेर किल्ल्यावर नऊशे जण येऊन ठेपले होते, त्यांत बाया, म्हातारी माणसं, तान्ही पोरं. ऑगस्टमध्ये काँग्रेसला जप्तीचा कायदा करावा लागला.

हे त्या तिघांनी कुणाच्या परवानगीनं केलं नव्हतं. धोरण वॉशिंग्टनहून खाली आलं असं आपण समजतो. इथे ते खालून वर गेलं. जिथे जिथे संघराज्याची फौज गेली तिथे तिथे मळे रिकामे होऊ लागले, आणि सरकारला रोज एकच प्रश्न: यांना परत पाठवायचं की ठेवून घ्यायचं? १ जानेवारी १८६३ चा अंतिम जाहीरनामा या दबावाखाली आला. त्याला मर्यादा होत्या. तो फक्त बंडखोर प्रदेशांना लागू होता. सीमेवरच्या चार राज्यांतले गुलाम त्यात नव्हते. पण त्यानं दोन गोष्टी केल्या. यापुढे संघराज्याचं सैन्य जिथे पाऊल टाकील तिथे मुक्ती कायदेशीर झाली, आणि कृष्णवर्णीयांना सैन्यात भरती करून घेण्याचा मार्ग उघडला. सुमारे १ लाख ८० हजार कृष्णवर्णीय सैन्यात लढले, आरमारात आणखी हजारो. गोऱ्या शिपायाला महिना १३ डॉलर, त्यांना १० आणि त्यातूनही ३ कपड्यांसाठी कापून. मॅसॅच्युसेट्सच्या ५४ व्या पलटणीनं हा अर्धवट पगार हातात घ्यायलाच नकार दिला आणि दीड वर्ष बिनपगारी लढली. जून १८६४ मध्ये काँग्रेसनं पगार समान केला.

फुटीर बाजूला याचा अर्थ पुरता कळला होता. शेवटी माणसं कमी पडू लागली तेव्हा गुलामांनाच सैन्यात घ्यावं, असा विचार तिथे निघाला. जानेवारी १८६५ मध्ये जॉर्जियाचा पुढारी हॉवेल कॉब यानं त्याला विरोध करताना लिहिलं: गुलाम जर चांगले सैनिक होणार असतील, तर गुलामगिरीबद्दलचा आपला सगळा सिद्धान्तच चुकीचा आहे. राज्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्याला ही अडचण पडायचं कारण नव्हतं.

इथवरचं एकत्र करून सांगायचं तर, गुलामगिरी वाचवायला दक्षिण फुटली, संघराज्य वाचवायला उत्तर लढली, आणि गुलामांनी स्वतः पळून, काम सोडून, बंदूक हातात घेऊन त्या लढाईला मुक्तीची लढाई केलं.

आता परिणाम. ९ एप्रिल १८६५ ला फुटीर सेनापती लीनं संघराज्याचा सेनापती ग्रँट याच्यापुढे शरणागती पत्करली. पाच दिवसांनी लिंकनवर गोळी झाडली गेली. मृतांचा जुना आकडा ६ लाख २० हजार आहे, अलीकडचे अंदाज सात ते साडेसात लाखांपर्यंत जातात. लोकसंख्या सव्वातीन कोटीही नव्हती. डिसेंबर १८६५ मध्ये तेराव्या घटनादुरुस्तीनं गुलामगिरी देशभर संपली, १८६८ च्या चौदाव्या दुरुस्तीनं नागरिकत्व दिलं, १८७० च्या पंधराव्या दुरुस्तीनं वर्णावरून मताधिकार नाकारायला मनाई केली. पाच वर्षांत तीन घटनादुरुस्त्या, आणि जी माणसं तबेल्यातून विकली गेली होती ती कायद्यानं नागरिक झाली. हे कमी लेखू नका.

पदरात काय पडलं, याचं उत्तर मात्र जमिनीत आहे. जानेवारी १८६५ मध्ये सव्हाना घेतल्यावर संघराज्याच्या जनरल शर्मननं तिथल्या वीस कृष्णवर्णीय धर्मोपदेशकांना बोलावून विचारलं, तुम्हाला काय हवं? त्यांच्या वतीनं ६७ वर्षांचे गॅरिसन फ्रेझियर बोलले. आयुष्याची बहुतेक वर्षं गुलामीत काढून त्यांनी स्वतःला पैसे मोजून सोडवलं होतं. त्यांनी सांगितलं, आमची आम्हाला काळजी घ्यायची तर जमीन हवी, ती आम्ही आमच्या कष्टानं कसू. चार दिवसांनी शर्मनचा हुकूम निघाला: दक्षिण कॅरोलायनापासून फ्लोरिडापर्यंतच्या किनारपट्टीवरची जमीन कुटुंबामागे ४० एकरांपर्यंत वाटायची. सुमारे ४० हजार लोक तिच्यावर वसले, त्यांनी पेरणी केली. लिंकननंतर अध्यक्ष झालेल्या अँड्र्यू जॉन्सननं त्याच वर्षी मळेवाल्यांना माफी देऊन जमिनी परत करायला लावल्या.

ऑक्टोबर १८६५ मध्ये मुक्त झालेल्या गुलामांसाठीच्या सरकारी खात्याचा प्रमुख जनरल हॉवर्ड हे सांगायला दक्षिण कॅरोलायनातल्या एडिस्टो बेटावरच्या लोकांकडे गेला. मालकांना क्षमा करा, त्यांच्याशी मजुरीचे करार करा, असं त्यानं सुचवलं. त्या लोकांनी त्याला लेखी उत्तर दिलं. त्याचा आशय असा: ज्यानं मला झाडाला बांधून ३९ फटके मारले, माझ्या आईला आणि बहिणीला उघडं करून मारलं, आणि माझ्याकडे स्वतःची जमीन असती तर मी त्याच्या दारात उभाही राहणार नाही हे पक्कं ठाऊक असल्यामुळे जो मला जमीन मिळू देत नाही, त्या माणसाला मी सहजी क्षमा करू शकत नाही. मुक्तीनंतरच्या शंभर वर्षांचं अर्थकारण त्या अर्जात आहे. मालकांना भरपाई देण्याची तयारी मात्र होती: एप्रिल १८६२ मध्ये राजधानी वॉशिंग्टनमध्ये गुलामगिरी बंद केली, तेव्हा मालकांना गुलामामागे ३०० डॉलरपर्यंत भरपाई मिळाली.

जमीन नाही म्हटल्यावर उरली बटाई. बी, खेचर, अवजारं मालकाची किंवा दुकानदाराची, पीक अर्धं त्याचं, आणि उरलेलं अर्धं उधारीच्या वहीत. वही लिहिणारा तोच. आपल्याकडच्या शेतकऱ्याला ही वही कशी चालते ते सांगायला नको.

आणि आपल्याकडची गोष्ट इथे खरोखर जोडलेली आहे. दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी झाली, लँकेशायरच्या गिरण्या उपाशी पडल्या आणि इंग्लंडनं कापसासाठी मुंबईकडे तोंड वळवलं. भाव कित्येक पटींनी चढले. खानदेश, वऱ्हाडात कापसाखालचं क्षेत्र वाढलं, मुंबईत पैशाचा पूर आला, व्यापारी प्रेमचंद रायचंद यांच्या भोवती शेअरांचा सट्टा माजला, बॅक बेची जमीन समुद्रातून काढायच्या कंपनीचे शेअर वेडे झाले. लीनं शस्त्रं ठेवल्याची बातमी आली, भाव कोसळले, आणि १८६५ च्या उन्हाळ्यात पेढ्यांमागून पेढ्या बुडाल्या. दख्खनमध्ये तेजीच्या काळात सावकारानं सैल हातानं कर्ज दिलं होतं. मंदीत तोच हात आवळला गेला, वर सरकारनं फेरआकारणी करून शेतसारा वाढवला. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे पेटवले. त्या उठावाची कारणं अनेक आहेत, सगळं अमेरिकेच्या माथी मारता येणार नाही, पण कापसाची ती चढ-उतार त्यातलं एक ठोस कारण आहे.

राजकीय हक्कांचं काय झालं, याचं उत्तर तुम्ही कोणत्या वर्षी थांबता यावर अवलंबून आहे. १८७० मध्ये थांबलात, तर मिसिसिपीतून हायरम रेव्हल्स हे कृष्णवर्णीय सेनेटर वॉशिंग्टनला पोचलेले दिसतात. दक्षिणेत त्या काळात सुमारे दोन हजार कृष्णवर्णीय लहानमोठ्या पदांवर होते, आणि दक्षिणेतल्या कित्येक राज्यांत सार्वजनिक शाळांची व्यवस्था पहिल्यांदा त्यांच्या सहभागानं उभी राहिली. जोतिराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेतल्या त्या सज्जनांना अर्पण केलं, ज्यांनी निग्रोंना दास्यातून सोडवण्यासाठी त्याग केला. ती अर्पणपत्रिका भाबडी नाही. ते लिहीत होते तेव्हा मुक्त झालेली माणसं खरोखर मतदान करत होती, कायदे करत होती. त्याच वर्षी एप्रिलमध्ये लुइझियानातल्या कोलफॅक्स गावी गोऱ्या टोळीनं कचेरी राखणाऱ्या कृष्णवर्णीयांची कत्तल केली. शरण आलेल्यांनाही रात्री गोळ्या घातल्या. १८७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्या खटल्यातल्या शिक्षा रद्द केल्या. १८७७ मध्ये केंद्राच्या फौजा दक्षिणेच्या राजकारणातून बाजूला झाल्या. मग साक्षरतेच्या परीक्षा, मतदानकर, गोऱ्यांपुरत्या सवलती. लुइझियानात १८९६ मध्ये १ लाख ३० हजारांहून अधिक कृष्णवर्णीय मतदार नोंदलेले होते. १९०४ मध्ये उरले १,३४२. घटनेची पंधरावी दुरुस्ती सगळा वेळ जागच्या जागी होती; ती खऱ्या अर्थानं अंमलात आणणारा कायदा १९६५ मध्ये आला.

युद्ध राज्यांच्या हक्कांसाठी होतं, ही गोष्टही याच काळात पक्की झाली. हरलेल्या पुढाऱ्यांनी आठवणी लिहिल्या, चौकाचौकांत त्यांचे पुतळे उभे राहिले, आणि बहुतेक पुतळे युद्ध संपल्यावर लगेच नव्हे, तर कृष्णवर्णीयांचं मत हिसकावून घेतल्यानंतरच्या वर्षांत उभे राहिले. शेजारचे आजोबा लहानपणी ज्या शाळेत गेले असतील, तिथे त्यांना बहुधा हेच शिकवलं गेलं असेल. ते तुमच्याशी खोटं बोलले असं मी म्हणणार नाही. पुन्हा भेट होईल तेव्हा वाद घालू नका, जॉर्जियाच्या १८६१ च्या जाहीरनाम्याची छापील प्रत पुढे ठेवा आणि पहिली दोन वाक्यं त्यांनाच मोठ्यानं वाचायला सांगा.